चारास एक : एका काजू युनिटच्या दोन सादरीकरणांचं प्रकरण

जानेवारीत सिंधुदुर्गातल्या ओरोसला एका बँकेच्या कर्ज समितीपुढे आमच्या गावच्या महिला गटाने प्रेझेंटेशन दिलं. सगळं ऐकून झाल्यावर समितीच्या अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, हे सगळं छान आहे, पण तुम्हाला नक्की हवंय काय?"

गटाची सचिव म्हणाली, "सर, ते पुढे आहे. स्लाइडवर."

खरंच पुढे होतं, 29व्या स्लाइडवर. तेव्हा पडद्यावर 11वी होती आणि मिळालेली दहा मिनिटं संपून वर दोन झाली होती.

दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, त्याच टेबलापुढे त्याच बाईने तोच विषय पुन्हा मांडला. या वेळी तर तिला पाचच मिनिटं मिळाली. तरी काम झालं. पूर्ण नाही, पण झालं. मधल्या काळात काय काय बदललं ते इथे मांडतो आहे.

माझा यात संबंध असा की पहिल्या खेपेचा आराखडा माझा होता. मी 31 वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात चिटणिसाची कार्यपद्धती शिकवली. अर्ज कसा करावा, इतिवृत्त कसं लिहावं, हे सांगण्यात हयात गेली, त्यामुळे गावात कुणाला कागद करायचा झाला की पावलं आमच्या पडवीकडे वळतात. गटाच्या बायका आल्या तेव्हा मी त्यांना प्रस्तावना, उद्दिष्टं, पार्श्वभूमी, गटाचा इतिहास, सामाजिक परिणाम असे मथळे क्रमाने लिहून दिले. बोर्डाच्या परीक्षेत त्याला दहापैकी नऊ मिळाले असते.

गट आणि त्याचं दुखणं

कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव. गटात बारा बायका. ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामात त्यांचं काजू युनिट आहे. केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान मिळालं, त्यातून घेतलेले दोन कटर, एक बॉयलर आणि एक ड्रायर. बी आधी वाफेवर उकडायची, रात्रभर पसरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी कटरवर एकेक बी धरून पायाने पॅडल दाबायचं. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी सोलते, म्हणून बोटांना आधी खोबरेल चोपडायचं. तरीही या बायकांची बोटं काळीच असतात. मग गर ड्रायरमध्ये, मग साल काढायची, मग प्रतवारी. अख्खे गर वेगळे, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. अख्ख्यात पुन्हा आकाराची गणती असते: 320 नंबरचा माल म्हणजे एका पाउंडात 300 ते 320 गर बसले पाहिजेत.

मशीन होती, हात होते. अडत होतं ते बीपाशी. काजूची बी बाजारात येते मार्च ते मे. वर्षभर फोडायची असेल तर तेवढ्यातच घेऊन ठेवावी लागते, आणि तीही रोखीने. पावसाळा सुरू झाला की उरलेली बी व्यापाऱ्यांच्या गोदामात गेलेली असते. बायकांनी प्रत्येकी 15,000 रुपये काढले होते, म्हणजे 1,80,000. त्या वर्षी आमच्याकडे किलोला 120 रुपये भाव चालला होता. 1,500 किलो बी आली. दिवसाला साधारण 25 किलो फुटते, तेव्हा 60 दिवसांचं काम. मेच्या मध्याला सुरू केलेलं युनिट जुलै सरता सरता बंद. गटारीच्या आधी कुलूप, आणि मग पुढचे नऊ-साडेनऊ महिने मशीन दमट हवेत गंज खात पडलेली.

एवढं हे दुखणं आहे. एका परिच्छेदात बसतं. आम्ही ते 34 स्लाइडमध्ये पुरलं होतं.

जानेवारी

स्लाइड सचिवताईच्या भाच्याने कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून केल्या. मागे मावळतीचा समुद्र आणि दोन माड. (गावातून समुद्र दिसत नाही, गाडीने गाठावा लागतो, पण कोकण म्हटलं की माड.) अक्षरं एकेक करून गिरक्या घेत यायची, आणि ती सगळी येऊन बसेपर्यंत बोलणारीने थांबायचं. मजकूर माझा, परिच्छेदच्या परिच्छेद: "सदर युनिटमध्ये उत्पादन प्रक्रिया राबविण्यात येत असून..." हे वाक्य मी लिहिलं आणि तिने जसंच्या तसं वाचलं, समितीकडे पाठ करून, पडद्याकडे बघत. तिसऱ्या स्लाइडला एका सभासदाने मोबाइल काढला. त्याला दोष देता येणार नाही. पडद्यावरचं तो तिच्या आधी वाचून मोकळा झाला होता आणि तेच तिच्या तोंडून पुन्हा ऐकत बसला होता.

सातव्या स्लाइडवर वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन असल्याचा मजकूर होता. ते आहेच. पण ते नाव पाकिटावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि ती गटाकडे नव्हती. समितीतल्या कृषी खात्याच्या माणसाने तेवढंच नेमकं हेरलं. दोन मिनिटं त्यातच गेली. जी गोष्ट आपल्या कामाची नव्हती तिने आपलीच वेळ खाल्ली.

महत्त्वाची गोष्ट तळाशी जाऊन बसणं हे काही गावच्या बचत गटापुरतं नाही. फेब्रुवारी 2003 मध्ये कोलंबिया अवकाशयान परतताना कोसळलं, सात अंतराळवीर गेले. यान वर असतानाच अभियंत्यांनी पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याविषयी नासाला पॉवरपॉइंटवर सांगितलं होतं. चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यापेक्षा खरा तुकडा शेकडो पट मोठा होता, आणि ही गोष्ट स्लाइडच्या अगदी खालच्या ओळीत, बारीक अक्षरात होती. वरचा मथळा धीर देणारा. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची चिरफाड केली आणि चौकशी मंडळाने आपल्या अहवालात तिची दखल घेतली. मी ही गोष्ट निवृत्त झाल्यावर वाचली. आधी वाचली असती तर निदान चार-पाच बॅचना तरी वेगळं शिकवलं असतं.

बँकेतून आठवड्याने पत्र आलं: प्रस्तावात स्पष्टता नाही, सुधारित मांडणीसह पुन्हा यावे.

"कपाळ फोडूचा?"

पत्र घेऊन सगळ्या युनिटवर जमल्या. मी म्हटलं, आधी एका वाक्यात ठरवू की काय मागायचं. पंधरा मिनिटं महिला सक्षमीकरण, रोजगारनिर्मिती, स्थानिक उत्पादनाला चालना अशी वाक्यं आली. ती माझीच वाक्यं होती, परतून आली होती. गटाच्या अध्यक्ष काकी कोपऱ्यात गराची साल काढत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "सर, बी नाय तर बायलांनी काय कपाळ फोडूचा? बीक पैसे व्हये. सरला."

सरलाच. वहीच्या पहिल्या पानावर सचिवताईने लिहिलं: आम्हाला मे महिन्यात बी घ्यायला पैसे हवेत. मग आकडे बसवले. 5,000 किलो बी, 120 रुपयांनी 6,00,000. आपले 1,80,000. उरले 4,20,000.

या वाक्याला लागायचं ते लावायचं, न लागेल ते टाकायचं, असं ठरल्यावर 34तल्या 29 स्लाइड अर्ध्या तासात गेल्या. गटाची स्थापना गेली, उद्दिष्टं गेली, माड गेले. मानांकनाची स्लाइड काढताना सचिवताईचा जीव तुटला, कारण तिच्यावर सोनेरी शिक्का होता. पाच उरल्या: मागणी, बारा महिन्यांचं कॅलेंडर, चार किलो बीचा हिशोब, साठवणीची जागा, परतफेड. अमेरिकी लेखक गाय कावासाकी यांचा एक नियम प्रसिद्ध आहे, दहा स्लाइड, वीस मिनिटं, तीस पॉइंटपेक्षा बारीक अक्षर नको. गुंतवणूकदारांपुढे उभं राहणाऱ्या उद्योजकांसाठी त्यांनी तो सांगितला. आम्हाला त्यातलं अक्षराचं माप फार उपयोगी पडलं. अक्षर मोठं ठेवलं की मजकूर आपोआप बसेनासा होतो, आणि मग काय टाकायचं यावर भांडावं लागतं.

कॅलेंडरची स्लाइड सचिवताईच्या सातवीतल्या मुलीची. बारा चौकोन. मे, जून, जुलै हिरवे, बाकीचे नऊ राखाडी. त्याखाली एक ओळ: "युनिट बंद." मी त्याचा तक्ता करणार होतो, कच्चा माल, कार्यदिवस, क्षमतेचा वापर अशा रकान्यांचा. बरं झालं, केला नाही.

समोर कोण बसतं हेही आम्ही पहिल्यांदा विचारलंच नव्हतं. या वेळी सचिवताई शाखेतल्या ओळखीच्या बाईंकडे गेली आणि समितीतली माणसं काय बघतात ते विचारून आली. शाखाधिकाऱ्याला वसुलीची काळजी. कर्ज विभागाच्या माणसाला मालाची: पैसे दिले आणि बी पावसात कुजली तर? कृषी खात्याच्या माणसाला बी कुठली, गर किती निघतो. अध्यक्ष घाटावरून बदलून आलेले, काजूचं झाड त्यांनी पाहिलेलं पण फोडणी पाहिलेली नाही. पाच जणांपैकी एकालाही गटाच्या स्थापनेच्या तारखेची पडलेली नव्हती, आणि आम्ही तीन स्लाइड त्यावर घालवल्या होत्या.

तात्या

पाठांतरात खरी अडचण आली. सचिवताई बारावी झालेली, हुशार, पण उभी राहून बोलायला लागली की तिच्या अंगात कुठलं तरी परिपत्रक संचारायचं. मी मजकूर लिहून दिला, तिने पाठ केला. मोबाइलवर रेकॉर्ड केला तर चौथ्या मिनिटाला एक वाक्य विसरली आणि तिथेच उभी राहिली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडकली. लिहिलेला मजकूरही फार होता. सहज बोलताना ती मिनिटाला साधारण 110 शब्द बोलते हे घड्याळ लावून मोजलं, म्हणजे दहा मिनिटांत 1,100. माझा कागद 1,900 शब्दांचा.

तिचे सासरे, घरात सगळे तात्या म्हणतात, दशावतारात काम करत. आता गुडघ्यांमुळे बंद आहे. ते ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना.

"तू वाक्यां पाठ करतंस, म्हणान अडाकतंस. एक वाक्य चुकला काय फुडचा सगळा कोसाळता. आमी आख्यान ध्यानात ठेवतो."

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं: दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कुणाचा प्रवेश कुणानंतर, कोणाला कुठे पोचायचं ते ठरतं, आणि मग रंगमंचावर जो तो आपल्या जिभेवर उभा. समोरच्याने काय टाकलं ते ऐकायचं आणि उत्तर द्यायचं. रात्रभर. पुढ्यातली माणसं पेंगायला लागली की प्रवेश आवरता घ्यायचा, रंगली की ताणायचा. पाठ केलेला नट इथे तास काढू शकत नाही.

तात्यांनी तिच्याकडून माझा कागद काढून घेतला. (माझ्यादेखत. मी काही बोललो नाही.) बोटं मोजून सांग म्हणाले, गोष्ट कुठून कुठे जाते. तिने सांगितलं: पैसे हवेत. कशाला, बीला. चार किलो बीचा एक किलो गर. साठ दिवसांत संपतं. बी सुकवून फळ्यांवर ठेवू. मार्चअखेर परत देऊ. सहा बोटं. "मगे? ह्याच आख्यान."

पाठ करायची ती फक्त दोन वाक्यं, पहिलं आणि शेवटचं. उभं राहिल्यावर छाती धडधडते ती पहिल्या अर्ध्या मिनिटात, तेव्हा तोंडाला आपोआप येईल असं काहीतरी हवं. आणि शेवट पाठ नसला की माणूस "तर असं आहे, एवढं बोलून" करत दारापर्यंत मागे सरकत जातो.

मला आणखी एक सुचलं, आणि या प्रकरणातलं माझं म्हणावं असं तेवढंच. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकर उभा राहतो, "बा देवा म्हाराजा" म्हणतो, कुणापुढे उभे आहोत ते सांगतो, कोण उभा आहे ते सांगतो, त्याची अडचण काय, त्याला काय हवं, मिळालं तर तो काय देईल. प्रत्येक टप्प्याला जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणतात. दोन-तीन मिनिटांत संपतं. आजवर एकाही देवाने "पण तुम्हाला नक्की हवंय काय?" असं विचारल्याचं ऐकिवात नाही. सचिवताईला म्हटलं, गाऱ्हाणं घालायचं आहे असं समज, फक्त मागणं आधी आण. बँकवाले देवाइतके निवांत नसतात.

भाषेचाही प्रश्न त्यातच सुटला. पूर्ण मालवणीत बोलावं तर अध्यक्ष घाटावरचे, पूर्ण कागदी मराठीत बोलावं तर ती स्वतःच हरवते. ती शाळेत मुलीच्या बाईंशी जशी बोलते त्या मराठीत बोलायचं ठरलं. "उत्पादन प्रक्रिया राबविण्यात येते" जाऊन "आम्ही बी फोडतो" आलं.

हात, आवाज आणि 93 टक्के

भाच्याने या दरम्यान तिला एक व्हिडिओ पाठवला. बोलण्यात शब्दांचं महत्त्व फक्त सात टक्के, बाकी 93 टक्के आवाज आणि देहबोली, असं एक सुटातला माणूस ठणकावून सांगत होता. हे वाक्य प्रशिक्षणांतून इतकं फिरतं की लोकांना ते शास्त्र वाटतं. मूळ प्रयोग मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे, 1967चे. बोलणाऱ्याला आपल्याबद्दल आवड आहे की नावड, हे ऐकणारा कशावरून ताडतो, आणि शब्द एक सांगतात नि स्वर दुसरं तेव्हा विश्वास कशावर ठेवतो, एवढ्यापुरते ते होते. काजूचा हिशोब सात टक्क्यांत कळतो असं त्यात कुठेही नाही. मेहराबियन यांनी स्वतःही पुढे ते स्पष्ट केलं आहे. पण व्हिडिओ पाहून सचिवताई दोन दिवस आरशापुढे हात हलवत बसली होती. ते आधी थांबवावं लागलं.

हातांचा प्रश्न काकींनीच सोडवला. "हातात कायतरी दी गो तिच्या." हात रिकामे असले की पदराशी चाळा करतात. मग ठरलं की खरीच बी न्यायची. किलो-किलोच्या चार पिशव्या बी आणि एक किलो गराचं पाकीट. ती पिशव्या मांडेल, हातांना काम मिळेल, आणि घाटावरच्या साहेबांना एकदाचं दिसेल की काजू म्हणजे काय भानगड असते.

थांबणं मात्र सराव करून शिकवावं लागलं. आकडा सांगितल्यावर ऐकणाऱ्याला तो डोक्यात बसवायला वेळ लागतो, आणि घाबरलेला माणूस तेवढ्यात पुढचे दोन आकडे सांगून मोकळा होतो. मी म्हटलं, मनात तीन मोज. ती म्हणाली, मोजताना घाई होते. शेवटी "एक काजू, दोन काजू, तीन काजू" असं मनात म्हणायचं ठरलं. ते जमलं.

प्रश्नोत्तरांची तालीम युनिटवर झाली. काकी अध्यक्ष, नाकावर चष्मा, बाकीच्या सभासद. बँकेने काय विचारावं असं एकेकीने विचारलं. "पैसे घेवन पळालास तर?" "बी कुजली तर?" आणि एकीने, अगदी शांतपणे, "घोवान मागल्यान तर देतलंस?" (नवऱ्याने मागितले तर देशील?) सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या, कारण हा प्रश्न थट्टेचा नव्हता. उत्तर होतं: खात्यातून पैसे काढायला तिघींपैकी दोघींच्या सह्या लागतात, एकीच्या घरच्यांनी मागून चालत नाही. ही गोष्ट 34 स्लाइडमध्ये कुठेच आलेली नव्हती. मला तर ती माहीतच नव्हती.

मार्च

समितीकडे त्या दिवशी आमच्या आधी सहा जण होते, आणि त्यांतल्या चौघांनी वेळ खाल्ली. (चौघांच्याही स्लाइडवर माड होते.) आमचा नंबर आला तेव्हा जेवणाची वेळ उलटून गेली होती. अध्यक्ष म्हणाले, "ताई, पाच मिनिटांत आटपा."

मागच्या वेळी हे ऐकून ती कोसळली असती. या वेळी तिने पेन ड्राइव्ह लावला, पहिली स्लाइड सोडून थेट कॅलेंडर लावलं, आणि त्याच्याकडे न बघता टेबलापाशी आली.

"नमस्कार. आम्ही बारा जणी काजू फोडतो. आम्हाला 4 लाख 20 हजार रुपये हवेत, एप्रिल-मेमध्ये बी घ्यायला. आमचे 1 लाख 80 हजार आम्ही घालतो. पुढच्या मार्चअखेर व्याजासकट परत करू. कसे, ते दाखवते."

चार पिशव्या एकेक करून मांडल्या. "ही चार किलो बी. हिला 480 रुपये पडले." मग समोर पाकीट ठेवलं. "हिच्यातून हा एक किलो गर निघाला. अख्खा, पाकळी, तुकडा मिळून सरासरी 700ला जातो. मधले 220. त्यातले 120 मजुरी, जळण आणि पॅकिंगचे. उरले 100."

एक काजू, दोन काजू, तीन काजू. मी मागे बसून मोजत होतो.

शाखाधिकाऱ्याने पिशवीतली एक बी उचलून बोटांत फिरवली. मोबाइलवाल्या सभासदाने पाकीट नाकाशी नेलं. ती पडद्याकडे वळली, राखाडी चौकोनांवर हात ठेवला. "हे नऊ महिने युनिट बंद असतं. मशीन बिघडलेली नाहीत. बी नसते."

मग साठवण, मग परतफेड. सव्वाचार मिनिटं. परतफेडीतलं एक सुटलं: गटाने आपसांतली कर्जं कशी वेळेवर फेडली ते सांगायचं राहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि नंतर प्रश्नातून ते आलंच.

प्रश्न दहा मिनिटं चालले, म्हणजे बोलण्याच्या दुपटीहून जास्त. मला वाटतं खरं काम तिथेच झालं. कृषी खात्याचे म्हणाले, "वेंगुर्ला-4 आणि 7 या जातींना गराचा उतारा 30 टक्क्यांच्या आसपास मिळतो, तुम्ही 25च का धरला?" ती म्हणाली, "सर, आमच्याकडे निम्मी बी गावठी झाडांची. म्हणून चारास एक धरलं. जास्त निघाला तर आमचा फायदा, कमी निघाला तर तुमच्यापुढे तोंड दाखवता आलं पाहिजे." कर्ज विभागाचे पहिल्यांदा हसले. कुजण्याचा प्रश्न आलाच: दोन-तीन उन्हं देऊन बी खुळखुळ वाजेपर्यंत सुकवतो, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवतो. आफ्रिकेतून येणाऱ्या स्वस्त बीमुळे भाव पडला तर काय, यावर तिने सरळ सांगितलं की भाव पडला तर बीही स्वस्त मिळेल, पण आधी महाग घेतलेल्या मालावर तोटा होईल, आणि म्हणूनच तिने 5,000 किलोच्या वर मागितलं नाही.

इथे मी घोळ घातला. सह्यांचा प्रश्न आला आणि मला राहवलं नाही, मागून उठून मीच उत्तर द्यायला लागलो. अध्यक्ष म्हणाले, "सर, त्यांना बोलू द्या." बसलो. तिने माझ्यापेक्षा निम्म्या शब्दांत सांगितलं.

एका प्रश्नाचं उत्तर तिला आलं नाही. साठवलेल्या मालाचा विमा आहे का, हप्ता किती? तालमीत बारा जणींपैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं, मलाही नाही. ती एक क्षण थांबली आणि म्हणाली, "माहीत नाही, सर. सोमवारपर्यंत चौकशी करून लेखी देते." शनिवार होता तो. रविवारी तिने कागद केला, मला न दाखवता. सोमवारी दहाला शाखेत दिला.

शेवटचं वाक्य पाठ होतं: "आम्हाला अनुदान नको, मेमध्ये बी हवी." आणि ती बसली. मागे सरकत गेली नाही.

त्यानंतर

4,20,000 मिळाले नाहीत. 3,00,000 मंजूर झाले, दर महिन्याला शिल्लक मालाचं विवरण देण्याच्या अटीवर. आपले 1,80,000 धरून 4,000 किलो बी आली आणि युनिट नोव्हेंबर संपेपर्यंत चाललं. कॅलेंडरवर सात चौकोन हिरवे झाले. पाच अजून राखाडी आहेत.

सादरीकरणाने सगळं झालं असं मी म्हणणार नाही. बी खरी होती, हिशोब खरा होता, आपसांतल्या कर्जाच्या वह्या चोख होत्या. त्या जानेवारीतही होत्या, फक्त कुणाला दिसल्या नव्हत्या.

एक चूक आमची राहून गेली. दोन महिने आम्ही एकाच बाईला तयार केलं. डिसेंबरात बँकेने आढाव्याला बोलावलं तेव्हा सचिवताई बाळंतपणाला माहेरी. दुसरी कुणी उभी राहायला तयार होईना. मी जाऊ का म्हणून विचारलं, तर "तुमी नको, सर, तुमी मदीच उठतास" म्हणून काकींनी गप्प केलं. त्या स्वतः गेल्या. चौथी शिकलेल्या, पेन ड्राइव्ह नाही, कागद नाही. बरोबर गेलेल्या मुलीने सांगितलं की काकींनी टेबलावर चार पिशव्या आणि एक पाकीट ठेवलं, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "साहेबानु, ही चार किलो बी, हो एक किलो गर. आता काय ता इचारा."

त्यांनी विचारलं. पाऊण तास विचारलं.